गणपतीला गावी येताय, गाडी कोण चालवणार?

प्रश्न: आम्ही टोरंटोजवळ राहतो. मुलगा वीस वर्षांचा. अधूनमधून गांजा ओढतो, हे त्याने स्वतःच सांगितलं. ‘इथे कायदेशीर आहे. दारूसारखे झोक जात नाहीत, उलट मी गाडी सावकाश चालवतो,’ असं त्याचं म्हणणं. यंदा गणपतीला गुहागरला येतोय, गाडी तोच चालवणार. यजमान म्हणतात, विषय काढू नकोस, गावात बभ्रा होईल. काय करू?

उत्तर: ताई, विषय काढा, आणि विमानात बसायच्या आधी काढा. पोरगा आपणहून बोलला, म्हणजे तुमच्यावर त्याचा विश्वास आहे. आरडाओरडा करून तो घालवू नका.

त्याच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. गांजा ओढलेला माणूस बरेचदा खरंच हळू चालवतो, पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. पण ही सावधगिरी मोकळ्या रस्त्यावर पुरते. अचानक काही आडवं आलं की पाय ब्रेकवर उशिरा जातो. गाडी एका रेषेत राहत नाही, अंतराचा नि वेळेचा अंदाज चुकतो, आणि दोन-तीन गोष्टींवर एकदम लक्ष ठेवणं तर फारच जड जातं.

आपल्याकडच्या रस्त्यावर मात्र तेच लागतं. मागल्या गणपतीत चिपळूणहून गुहागरला येताना मी मागच्या सीटवर होते. रात्रीची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला. वळणावर समोरून एसटी आली, डोळे दिपले. ती बाजूने गेली आणि पाहते तर रस्त्याच्या मधोमध गुरं रवंथ करत बसलेली. काळी गाय, काळं ओलं डांबर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला तेव्हा मध्ये हातभर जागा उरली. तो पूर्ण शुद्धीत होता. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते, ताई. त्यात तुमचा मुलगा रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायला शिकलेला.

‘आता उतरली’ असं तो म्हणाला, तर त्यावर मुळीच जाऊ नका. ओढल्यावर नशा काही मिनिटांत चढते, पण परिणाम कित्येक तास टिकतो. आणि ‘मी ठीक आहे’ असं वाटायला लागतं ते हात-डोळे ठीक होण्याच्या आधीच. गांजा घातलेली गमी (चघळायची मऊ गोळी) किंवा ब्राउनी (चॉकलेट केक) खाल्ली तर अर्धा ते दोन तास काही जाणवतच नाही, म्हणून माणूस आणखी एक खातो. मग अंमल बारा-बारा तास राहू शकतो. आंघोळ, कॉफी, लिंबूपाणी, कशानेही तो लवकर उतरत नाही. सोबत बिअर असेल तर दोन्ही मिळून जास्तच घात करतात.

कायद्याचं त्याला नीट सांगा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला, गांजा ओढून गाडी चालवणं नव्हे. तुमच्या ओंटारियो प्रांतात तर २१ वर्षांपर्यंतच्या चालकाच्या अंगात त्याचा अंशही चालत नाही. इकडे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा नुसता बाळगणंही गुन्हा आहे. नशेत गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं: पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बॅग भरताना त्याच्यासोबत बसा आणि जॅकेटचे खिसेसुद्धा बघा. एखादी विसरलेली गमीदेखील नको. ती कॅनडाबाहेर नेणं तिकडच्या कायद्यानेही गुन्हाच आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी.

यजमानांना सांगा, गावाला काही कळवायची गरज नाही. पण ज्या चुलतभावाशी त्याचं जमतं, त्याला एकट्याला विश्वासात घ्या. आरती-भजनानंतर रात्री पोरं बाहेर पडतात, तेव्हा चावी त्याच्याकडे. मुलाशीही एक बोली करा: कधी काही घेतलंच, तर ‘आज मी चालवत नाही’ एवढं म्हणायचं, आणि त्या रात्री घरात कुणी कारण विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर.

आणि मुंबईहून गाडीने यायचा हट्ट सोडा. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा तारीख आजच लिहून ठेवा. स्टेशनवरून पुढे गावचाच एखादा गाडीवाला सांगून ठेवा, त्याला इथलं वळण न् वळण पाठ असतं.