बाइक घ्या, पण घराच्या कर्जाआधी नको

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या नॉर्वेत स्टावांगरला राहतो. माझं वय ३५. माझा वार्षिक पगार ६,२०,००० क्रोनर, पत्नी बालवाडीत अर्धवेळ काम करते, तिचा २,१०,०००. मुलगी चार वर्षांची. बचत ६,१०,००० क्रोनर, दरमहा साधारण १४,००० शिल्लक पडतात. हिवाळ्याच्या तोंडावर ४५ लाख क्रोनरपर्यंतचा स्वमालकीचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. दरम्यान इथल्या एका विक्रेत्याने मध्यम आकाराची नवी टूरिंग बाइक १,४९,००० क्रोनरला देऊ केली आहे. ३०,००० आता, बाकी १,१९,००० साडेनऊ टक्के व्याजाने पाच वर्षांत. ऑफर शुक्रवारपर्यंत आहे. भारतातली २०,००० रुपयांची एसआयपी थांबवली तर हप्ता निघतो. पत्नी म्हणते आधी घर. तुमचं मत?

उत्तर: पत्नी बरोबर आहे, पण त्यामुळे तुम्ही चूक ठरत नाही. बाइक ही उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. ज्या देशात सोग्नेफ्येलसारखा १,४३४ मीटर उंचीवरून जाणारा रस्ता आहे, बहुतेक टोलनाक्यांवर मोटरसायकलला टोल नाही आणि मोकळ्या माळावर, घरांपासून दीडशे मीटर लांब, फुकटात तंबू ठोकायचा हक्क कायद्याने दिलाय, तिथे राहून खिडकीतून बघत बसायचं म्हणजे कमालच. गाडी कोणती, यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप कर्जावर आहे, आणि तोही ते कधी काढताय यावर.

नॉर्वेत गृहकर्ज देताना बँक दोन गोष्टी आधी बघते. घराच्या किमतीच्या किमान १० टक्के रक्कम तुमची हवी (२०२४ च्या अखेरपर्यंत ही अट १५ टक्क्यांची होती). आणि तुमचं सगळं कर्ज मिळून वार्षिक उत्पन्नाच्या पाचपटीच्या आत हवं. सगळं म्हणजे सगळं. गाडीचं कर्ज त्यात आलंच, आणि क्रेडिट कार्डाची न वापरलेली मर्यादासुद्धा बँक कर्जात धरते.

आता तुमचे आकडे मांडू. दोघांचं उत्पन्न ८,३०,०००, म्हणजे कर्जाचं छत ४१,५०,०००. फ्लॅट ४५ लाखांचा असेल तर ९० टक्के कर्ज ४०,५०,०००. वर एक लाखाची जागा उरते. त्या एक लाखात तुम्ही १,१९,००० ची बाइक बसवायला निघालात. बसत नाही. गृहकर्ज १९,००० ने कमी मिळेल आणि ते तुम्हाला खिशातून घालावे लागतील. खिशातून आधीच काय जाणार आहे? १० टक्क्यांचे ४,५०,०००, आणि स्वमालकीच्या घरावर अडीच टक्के दस्तऐवज शुल्क, म्हणजे १,१२,५००. एकूण ५,६२,५००. त्यात १९,००० मिळवा, ५,८१,५००. तुमच्याकडे बाइकचे ३०,००० दिल्यानंतर उरतात ५,८०,०००.

मधल्या महिन्यांत आणखी बचत होईल हे खरं, पण घर घेतलं त्या दिवशी हातात जवळजवळ काही नसणं हे मला अजिबात पटत नाही. बँकेला काही टक्के प्रकरणांत नियम वाकवायची मुभा असते. ती तुमच्या वाट्याला येईल या भरवशावर शुक्रवारी सही करू नका. शिवाय व्याजदर तीन टक्क्यांनी वाढला तरी तुम्ही हप्ते भरू शकाल का, हेही बँक तपासते. तिथे बाइकचा महिना २,५०० चा हप्ता पुन्हा आडवा येतो.

कर्जाची किंमतही बघून ठेवा. पाच वर्षांत व्याज साधारण ३१,००० क्रोनर. नॉर्वेत व्याजावर २२ टक्के करसवलत मिळते, ती वजा करून २४,००० च्या आसपास. तुम्हीच पत्रात लिहिलंय की फिन.नो या जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर याच वर्गातली, पाच-सहा वर्षं वापरलेली सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० तुम्ही ७५,००० ला पाहिली. म्हणजे नवेपणाची किंमत ७४,००० आणि वर व्याज. ६४५ सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन, २० लिटरची टाकी, शंभर किलोमीटरला साडेचार लिटरच्या आत पेट्रोल. दोन माणसं आणि सामान घेऊन फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या) काठाने जायला याहून जास्त काय लागतं? तिथल्या खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा ८० ची, आणि ती मोडल्याचा दंड हजारो क्रोनरचा. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवर विकत घेऊन करणार काय?

गाडी मालकीची की भाड्याची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरा विचार करण्यासारखा तोच आहे. तुमच्याकडे भाडं दिवसाला १,७०० सांगितलंय. वापरलेली गाडी ठेवायचा वर्षाचा खर्च (किंमत उतरणं, विमा, टायर, सर्व्हिसिंग) मी ढोबळमानाने १८,००० धरतो. म्हणजे वर्षाला दहा-अकरा दिवसांपेक्षा जास्त फिरणार असाल तरच मालकी परवडते. नवी गाडी आणि तिचं व्याज धरलं तर हाच आकडा एकोणीस-वीस दिवसांवर जातो. मोठ्या सहलीच धरल्या तर भाडं कधीही स्वस्त. उंचावरचे कित्येक घाट हिवाळाभर बर्फाने बंद असतात, मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतात. त्यात पश्चिम किनाऱ्याचा पाऊस. तुमची रजा, मुलीची सुट्टी आणि कोरडं आभाळ एकत्र येणारे दिवस किती, हे तुम्हीच मोजा.

पण मालकीचा हिशेब मोठ्या सहलीवर कधीच जुळत नाही, तो जुळतो कामावरून सुटल्यावरच्या संध्याकाळींवर. या बाबतीत स्टावांगरकर नशीबवान. जूनमध्ये रात्री दहाला लख्ख उजेड. यॅरेनचा राष्ट्रीय पर्यटन मार्ग तुमच्या दारात: ४१ किलोमीटर, एका बाजूला समुद्र आणि वाळू, दुसरीकडे दगडी गडगे आणि मेंढ्या. शनिवारी १४ किलोमीटरच्या, समुद्राखालच्या रिफुल्के बोगद्यातून फ्योर्डपलीकडच्या रिफुल्के भागाकडे निघता येतं. अशा दोन तासांसाठी कुणी भाड्याने गाडी आणत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही खरंच बाहेर पडणार असाल तर घ्याच. वर्षातून एकदा उत्तरेतल्या लोफोटेन बेटांवर जायचंय एवढंच असेल, तर घेऊ नका.

हे ठरवायला हा उन्हाळा पुरेसा आहे, कारण तसाही तुमच्याकडे मोटरसायकलचा परवाना नाही. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून तीन महिनेच चालतो. कारचा नॉर्वेजियन परवाना तुम्ही काढलाय हे चांगलं, पण मोठ्या मोटरसायकलसाठी वेगळा अ वर्ग लागतो. त्याचे तुम्हाला २६,००० सांगितलेत. महाग वाटलं तरी त्यातली मैदानावरची आणि रस्त्यावरची सक्तीची सुरक्षा-सत्रं वाया जाणारी नाहीत. ल्युसेबोटन गावाला उतरणाऱ्या रस्त्याला २७ वळणं आहेत आणि त्यातलं एक चक्क बोगद्याच्या पोटात आहे. यवतेश्वरच्या घाटात पल्सर चालवल्याचा अनुभव ओल्या, अंधाऱ्या बोगद्यात कामाला येत नाही.

तेव्हा माझा क्रम असा. आत्ता परवाना, दरमहाच्या शिलकीतून. हेल्मेट आणि जलरोधक जॅकेट-पँटला १५,००० धरा, यात काटकसर करू नका. ऑगस्टमध्ये चार दिवस भाड्याची गाडी, ६,८००. एवढं करूनही ऑक्टोबरपर्यंत बचत ६,४६,००० च्या आसपास जाते. घराचे पैसे भरून ८३,००० हातात राहतात. घरानंतर तुमच्या अंदाजाप्रमाणे महिना ९,००० उरत असतील तर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ७५,००० ची गाडी रोखीने येते, आणि अडीच महिन्यांचा घरखर्च तरीही बाजूला राहतो. मला तीन महिन्यांचा आवडला असता, पण चालेल. ऑक्टोबर मुद्दाम म्हणतोय: हंगाम संपला की गाडी हिवाळाभर सांभाळायचा कंटाळा आलेले विक्रेते भाव करायला तयार असतात. एप्रिलमध्ये तोच माणूस ताठ असतो.

घेताना ब्रोन्नॉयसुंडच्या नोंदणी कार्यालयात गाडीच्या नंबरवरून तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. बोजा मालकावर नाही, गाडीवर असतो. गाडीबरोबर तो तुमच्या दारात येतो. ही तपासणी फुकट आहे. पुनर्नोंदणीचा कर आणि विमा धरून वर दहा हजार ठेवा.

एक गोष्ट पत्रात कुठेच नव्हती. तुम्ही दोघं एकाच गाडीवर असणार आणि मुलगी आजी-आजोबांजवळ. दोघांचाही आयुर्विमा घराच्या कर्जाएवढा आहे का? पत्नीचा पगार कमी म्हणून तिचा विमा काढलाच नाही, असं घराघरांत दिसतं. भारतातली टर्म पॉलिसी असेल तर परदेशात राहता आणि मोटरसायकल चालवता हे कंपनीला लेखी कळवा. आपल्यामागे मुलीची जबाबदारी कुणी घ्यावी, हेही आई-वडिलांना नॉर्वेत लिहून ठेवता येतं आणि न्यायालय ते विचारात घेतं. एका संध्याकाळचं काम आहे, पहिल्या सहलीआधी उरका.

एसआयपीला हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय की ती वडिलांच्या आजारपणासाठी आहे. साताऱ्यातल्या हॉस्पिटलचं बिल रुपयांत येणार आणि त्यासाठी रुपयांतच साठवलेलं बरं. क्रोनर किती घसरतो ते गेल्या काही वर्षांत तुम्ही पाहिलंच असेल. विक्रेत्याला शुक्रवारी नाही म्हणा, आणि त्याच दिवशी बँकेत फोन करून न वापरलेल्या कार्डाची मर्यादा कमी करून घ्या.