वाचकांचे प्रश्न: टी-20 वर्ल्ड कप कोणी कोणी जिंकला?

प्रश्न: आमच्या वाचनालयात मुलांची क्विझ ठेवलीय, त्यासाठी 2007 ते 2024 चे पुरुषांच्या टी-20 वर्ल्ड कपचे विजेते हवेत. 2010 चा कप कोणाचा यावरून घरात वाद चाललाय, मुलगा म्हणतो ऑस्ट्रेलियाचा.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: काका, 2010 चा इंग्लंडचा. ऑस्ट्रेलिया फायनलला होती पण कॉलिंगवूडच्या टीमने ब्रिजटाऊनला त्यांना 7 विकेटनी हरवलं. ऑस्ट्रेलियाला थेट 2021 मध्ये मिळाला, दुबईत न्यूझीलंडला हरवून. बाकीचे घ्या लिहून, 2007 भारत, 2009 पाकिस्तान, 2012 वेस्ट इंडिज, 2014 श्रीलंका, 2016 परत वेस्ट इंडिज, 2022 परत इंग्लंड आणि 2024 परत भारत. 2018 चा विचारू नका हं, त्या वर्षी पुरुषांचा झालाच नाही, पोरं तिथेच फसतात.

आणि एक प्रश्न माझ्याकडून नक्की घाला, एकाच दिवशी एकाच ग्राउंडवर एकाच टीमने पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन्ही कप कधी जिंकले? 3 एप्रिल 2016, ईडन गार्डन्स. आधी वेस्ट इंडिजच्या बायकांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि मग रात्री पुरुषांच्या फायनलला लास्ट ओव्हरला 19 हवे असताना त्यांच्याच ब्रेथवेटने इंग्लंडच्या स्टोक्सला सलग चार सिक्स मारले.

प्रश्न: ज्यांच्याकडे स्पर्धा असते ते जिंकलेत का कधी?
– एक वाचक, साखळी

उत्तर: पुरुषांमध्ये 2024 पर्यंत एकदाही नाही. सगळ्यात जवळ आली ती 2012 ची श्रीलंका, कोलंबोत वेस्ट इंडिज 10 ओव्हरला 2 बाद 32 होते, म्हणजे मॅच जवळजवळ खिशात, आणि मग सॅम्युअल्सने 78 काढले, मलिंगाच्या 4 ओव्हरना 54 गेले आणि श्रीलंका 101 ला ऑलआउट. त्या टीमसाठी मला अजून वाईट वाटतं. बायकांमध्ये मात्र घरच्यांनी दोनदा जिंकलाय, 2009 ला इंग्लंड, 2020 ला ऑस्ट्रेलिया.

प्रश्न: माझी मुलगी फास्ट बॉलिंग करते. गोव्याचं कोणी वर्ल्ड कपच्या फायनलला खेळलंय का?
– एक आई, फोंडा

उत्तर: खेळलंय ताई, आणि तुमच्या अगदी जवळचं. शिखा पांडे, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली, गोव्याकडून खेळली, एअर फोर्समध्ये ऑफिसर झाली. 2020 च्या वर्ल्ड कपला पहिल्याच मॅचमध्ये तिने ऑस्ट्रेलियाच्या 3 विकेट काढल्या फक्त 14 रन देऊन आणि आपण ती मॅच जिंकलो. फायनल मेलबर्नला, 86,174 लोक बघायला, तिथे परत ऑस्ट्रेलियाच समोर आणि अलिसा हिलीने 39 बॉलमध्ये 75 मारले, आपल्या बॉलर्सना धुतलंच, 85 रननी हरलो.

पण मुलीला फायनलपेक्षा 2021 मधला शिखाचा एक बॉल दाखवा, ऑस्ट्रेलियातलीच टी-20, समोर तीच हिली. ऑफ स्टंपच्या बाहेर पडलेला बॉल एवढा आत आला की थेट स्टंपवर गेला. मनगट कसं ठेवलंय ते स्लो करून दोघी मिळून बघा.