५५ की ६५ ते नंतर, आधी खोक्याचं बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्यात धायरीला नवा फ्लॅट, टीव्हीसाठी बजेट साठ हजार, सोफ्यापासून समोरची भिंत साडेदहा फूट, आणि प्रश्न असा की ५५ इंची चांगल्यातला घ्यावा की ६५ इंची साधा. त्याचं उत्तर खाली देते. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, ‘सेलमध्ये आत्ताच मागवून ठेवतोय, वास्तुशांत महिनाअखेरीला आहे, तोवर खोका बेडरूममध्ये सीलबंद राहील,’ ती ओळ वाचून पोटात गोळा आला. अगदी हेच आम्ही केलं होतं.

ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, तरी ३२ इंची टीव्हीवरचा धावफलक त्यांना सोफ्यावरून वाचता येत नव्हता. स्टूल ओढून पडद्याच्या पुढ्यात बसायचे. वर्ल्ड कप तोंडावर आला होता, म्हणून आम्ही ऑनलाइन सेलमध्ये ५४,९९० रुपयांना ६५ इंची मागवला. १० तारखेला दोन मुलं घेऊन आली. आमच्या सहकारनगरच्या जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये खोका मावला नाही, बिचाऱ्यांनी तीन जिने चढवला. वर आल्यावर त्यांतल्या एकाने विचारलं, ‘ताई, उघडून दाखवू का?’ हॉलमध्ये पुट्टीचं काम चाललेलं, सगळीकडे धूळ. शिवाय सासूबाईंच्या मनात होतं की दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायचा. खोका बाहेरून अगदी धड दिसत होता. मी म्हटलं, ‘नको, राहू दे,’ आणि ओटीपी सांगून टाकला.

त्या ओटीपीने आमचे ५५ हजार गेले.

१९ तारखेला आपल्या गहुंज्याच्या स्टेडियमवर भारत-बांगलादेश सामना होता. कोहलीने षटकार मारून शतकही पूर्ण केलं आणि सामनाही संपवला. सासऱ्यांनी तो स्टुलावर बसून जुन्या ३२ इंचीवर पाहिला, आणि नवा टीव्ही शेजारच्या खोलीत खोक्यात उभा. २४ ला दसरा. झेंडूची माळ घातली, दुपारी कंपनीचा माणूस आला, टीव्ही भिंतीवर चढला, चालू केला. डाव्या कोपऱ्यात खाली शाई सांडावी तसा काळा डाग आणि त्यातून वर गेलेल्या उभ्या रेघा. काचेवरून बोट फिरवलं तर साधा ओरखडासुद्धा लागत नव्हता. हे नीट लक्षात घ्या: पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आतून गेलेलं असेल तर बंद टीव्हीवर बऱ्याचदा काहीही दिसत नाही. वीज दिल्यावरच कळतं.

त्या माणसाने फोटो काढले, जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, इंग्रजीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, ‘इथे सही करा, त्याशिवाय तक्रार पुढे जात नाही.’ मी सही केली. त्यावर ‘फिजिकल डॅमेज, कस्टमर एंड’ असं लिहिलं होतं, म्हणजे नुकसान ग्राहकाकडे झालं. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं. बँकेत मी रोज लोकांना सांगते की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि घरी सणाच्या गडबडीत मीच न वाचता केली.

पुढचं थोडक्यात सांगायला हवं, पण अजून चीड येते म्हणून लिहितेच. विक्रेता म्हणाला, परत घेण्याची दहा दिवसांची मुदत २० तारखेला संपली, आता कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही. त्यांच्या सेवाकेंद्रात चार चकरा मारल्या. दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळायचा आणि दोन दिवसांत ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज यायचा. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, अहो कोणी सोडवली, काय सोडवलं? ‘सिस्टिमला क्लोज दाखवतंय, मॅडम.’ साहेबांना भेटू द्या म्हटलं तर साहेब कायम फील्डवर. शेवटी नव्या पॅनेलचं कोटेशन हातात दिलं, ४१,३०० रुपये. खोका विक्रेत्याच्याच गोदामातून, त्यानेच ठरवलेल्या टेम्पोतून आला होता. पण ओटीपी दिला म्हणजे माल सुस्थितीत मिळाला हे आम्ही मान्य केलं, असं विक्रेत्याचं म्हणणं.

प्रामाणिकपणे सांगते, तडा नेमका कुठे गेला ते मला आजही ठाऊक नाही. आम्ही खोका आडवा ठेवला नव्हता, पण रंगाऱ्यांनी तो एकदोनदा सरकवला होता. टेम्पोत गेला की घरी, हे सिद्ध करायला आमच्या हातात काहीच नव्हतं. पहिल्याच दिवशी चालू केला असता तर हा प्रश्नच उरला नसता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तिथले लोक चांगले बोलले, पण ते फक्त मध्यस्थी करतात, कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत. कंपनीने माझीच सही असलेली जॉबशीट जोडून उत्तर पाठवलं. यानंतरचा खरा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील द्यायलाच हवा असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. सासरे म्हणाले, ‘जाऊ दे गं, कोर्टकचेरी नको,’ मग मार्चअखेर आली, मग मुलीची दहावी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षं उलटून गेली. मी वकील नाही, तुमच्यावर वेळ आली तर जाणकाराला विचारा, पण माझ्यासारखं पुढे ढकलू नका. वर्ल्ड कपची फायनलही सासऱ्यांनी स्टुलावरूनच पाहिली. तो फुटका टीव्ही शेवटी बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड आणि स्पीकरसाठी ३,५०० ला नेला.

म्हणून माझं स्पष्ट मत: वास्तुशांत महिनाअखेरीला असेल तर टीव्हीही महिनाअखेरीलाच येऊ द्या. सेल गेला तर जाऊ दे. पुन्हा येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. माझ्या त्या टीव्हीच्या किमतीत एवढ्यानेच साधारण ४,३०० रुपयांचा फरक पडला असता. सेलमधली सूट आणि ही करकपात एकच समजून घाई करू नका. भाव पटलाच असेल तर गावातल्या दुकानात विचारा. बुकिंग करून हवं त्या तारखेला माल पाठवणारी दुकानं आहेत. आमचा आत्ताचा टीव्ही असाच घेतला, ऑनलाइनपेक्षा तीन हजार जास्त देऊन. दुकानाचा मुलगा पेटी उघडून, वायर लावून, पांढरा आणि काळा पडदा दाखवून मगच गेला. ते तीन हजार मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

तरीही ऑनलाइनच घ्यायचा असेल तर खोक्याचे चारही कोपरे आणि सील दिसेल असा व्हिडिओ काढा, आणि तो न थांबवता टीव्ही चालू होईपर्यंत काढत राहा. काही कंपन्या ‘आमचाच माणूस उघडेल’ म्हणतात. तसं असेल तर तो कधी येणार ते मागवण्याआधी लेखी विचारून घ्या, आणि परतीच्या मुदतीत येत नसेल तर तो टीव्ही घेऊच नका. टीव्ही कधीही आडवा निजवू नका, एवढं मोठं पॅनेल स्वतःच्याच वजनाने वाकतं. आणि जॉबशीटवर सहीच्या वर मराठीत लिहा: ‘खोका उघडला तेव्हाच पॅनेल असं होतं, नुकसान आमच्याकडून झालेलं नाही.’ मग सही, आणि लगेच फोटो. तो माणूस कुरकुर करेल. करू दे.

आता तुमचा प्रश्न. साडेदहा फुटांना ६५. माझ्या मते यात फार विचार करण्यासारखं नाही. ५५ आणि ६५ ऐकायला जवळजवळ वाटतात, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. ६५ इंचीचा पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच असतो, ५५ चा १२२ आणि ६८. भिंतीवर त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवून दोन दिवस बघा, चित्र लगेच स्पष्ट होतं. आमचा सोफा आठ फुटांवर आहे म्हणून आम्हाला आता ५५ पुरतो. घरात वयस्कर माणसं असतील तर मी डोळे झाकून मोठा घ्या म्हणेन.

एक अपवाद आहे. घरात दिवसभर केबलवर साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिन्यांवर मालिका चालत असतील तर ६५ वर ते चित्र धूसर दिसतं आणि सगळे टीव्हीला नावं ठेवतात. टीव्हीत दोष नसतो, येणारं चित्रच तेवढं असतं. महिन्याला थोडे पैसे जास्त भरून एचडी पॅक घ्या.

पॅनेलबद्दल विक्रेते बोलायचं टाळतात आणि तुम्ही नेमकं तेच विचारायचं. पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचं असतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग खरा काळा दिसतो, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूने चांगलं दिसतं, पण रात्री दिवे घालवले की काळं राखाडी होतं. आकड्यांत म्हणाल तर आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या रंगातला उजेडाचा फरक, साधारण १००० ला १, व्हीएचा ३००० ला १ किंवा त्याहून जास्त. सगळे समोरच बसत असाल तर व्हीए. एल आकाराचा सोफा असेल तर दुकानात त्याच तिरक्या कोनात उभं राहून बघा. आणि दुकानातला तो मोर, फुलं, समुद्राचा डेमो बंद करायला लावा. व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांचा, मोड काढून साधा मोड लावा आणि पेनड्राइव्हमधून स्वतःच्या घरचा एखादा व्हिडिओ चालवा. माणसांची कातडी कशी दिसते त्यावरून टीव्ही कळतो.

क्यूएलईडी म्हणजे ओएलईडी नव्हे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, क्यूएलईडीला मागून प्रकाश लागतोच, फक्त रंग जास्त खुलतात. साठ हजारांत ओएलईडीचा विचार सोडून द्या. या बजेटातल्या बऱ्याच टीव्हींवर एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याचा, शिक्का असतो, पण उजेड ३०० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास असेल तर त्या शिक्क्याचा फारसा उपयोग नाही. सॅमसंग घेणार असाल तर त्यात डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) नसतं, एवढं माहीत असू द्या. माझ्या मते या किमतीत त्यावरून निर्णय बदलण्यासारखं काही नाही. १२० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यासाठी, जास्त पैसे फक्त मुलं गेमिंग कन्सोलवर खेळत असतील तर द्या. आपल्याकडे सेट टॉप बॉक्सवर क्रिकेट येतं ते सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने. सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून चांगलं पॅनेल नाकारू नका, पुढे टीव्हीला मागून जोडायची एखादी स्ट्रीमिंग स्टिक लावता येते. पॅनेल मात्र बदलता येत नाही, म्हणजे येतं, ४१,३०० रुपयांना.

तुमचा फ्लॅट नवा आहे म्हणून भिंतीचंही सांगते. हल्ली भिंती बहुतेक सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या असतात. ६५ इंची टीव्ही वीसेक किलोचा, साधे प्लास्टिकचे प्लग त्यात हळूहळू सैल होतात. बिल्डरच्या साइट इंजिनिअरला भिंत कशाची आहे ते विचारा आणि इन्स्टॉलेशनवाल्याला आधीच सांगून त्या ब्लॉकसाठीचे अँकर आणायला लावा. इंटिरिअरवाले टीव्हीचा पॉइंट पाच फुटांवर काढून ठेवतात, तो खाली घ्यायला सांगा. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची पातळी साडेतीन फुटांच्या आसपास येते, पडद्याचा मध्य तिथेच हवा. माझ्या नणंदेकडे वर लावलाय, तासाभरात मान धरते.

स्टॅबिलायझरबद्दल लोक भांडतात. नवे टीव्ही कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे मी तो घेतलेला नाही, चांगला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारा प्लग, घेतला आहे. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जाते तेव्हा मी प्लगच काढून ठेवते, कारण परत येताना झटका बसण्याची भीती असते. तुमच्या भागात व्होल्टेजचा फारच त्रास असेल तर शेजाऱ्यांना विचारून ठरवा.

हॉलची मोठी खिडकी टीव्हीच्या समोर येते की बाजूला, आणि पश्चिमेची आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. समोर आणि पश्चिमेची असेल तर मी वर ६५ म्हटलं त्यावर पुन्हा विचार करावा लागेल, कारण मग दुपारी चारनंतर मोठ्या पडद्यापेक्षा जास्त उजेडाचा ५५ इंची कामाला येतो.