लंडन सोडण्यापूर्वीच्या चार आठवड्यांसाठी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्रबंध सादर झाला, खोलीचा करार महिनाअखेरीस संपतो आहे आणि परतीचे तिकीट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचे आहे, हे वाचून आधी तुझे मनापासून अभिनंदन करते. वर्षभर अभ्यासापायी काहीच पाहून झाले नाही, म्हणून उरलेल्या चार आठवड्यांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, एडिंबरो आणि जमल्यास स्वित्झर्लंड असे सगळे उरकायचे तुझ्या मनात आहे. त्या यादीवर माझे मत विचारले आहेस, तर स्पष्टच लिहिते: ती यादी बाजूला ठेव आणि हे चार आठवडे लंडनलाच दे.

याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. ब्रिटनचा व्हिसा युरोपात चालत नाही. भारतीय पासपोर्टवर पॅरिसला जायचे तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्ज देण्यासाठी तारीख मिळेपर्यंत काही दिवस जातात, पुढे निर्णय व्हायला साधारण पंधरा दिवस लागतात, आणि हातातले चार आठवडे कागदपत्रांतच सरतात. तोच व्हिसा पुढे भारतातूनही काढता येतो, म्हणजे पॅरिस कुठे पळून जात नाही.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. लंडनलाही तू पुन्हा येशील, पण तेव्हा चार दिवसांची पाहुणी म्हणून येशील. हॉटेलचे भाडे डोक्यात असेल, आणि प्रत्येक दिवसात चार ठिकाणे कोंबण्याची घाई असेल. आज तुझ्याकडे खोलीची किल्ली आहे, बसचे मार्ग तोंडपाठ आहेत, आणि अर्धा तास कुठे डोकावून मुकाट्याने घरी परतण्याची मोकळीक आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला जे साधणार नाही, तेच या दिवसांत आधी पाहायचे, एवढी एकच कसोटी लाव. या कसोटीवर लंडन आय आणि मादाम तुसाँ आपोआप गळून पडतात. टॉवर ऑफ लंडन पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण तो पुढच्या खेपेला एका दिवसात नीट पाहून होतो, म्हणून त्यालाही सध्या थांबू दे.

संग्रहालयांपासून सुरुवात कर, पण ती बघण्याची रीत बदल. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना प्रवेशमूल्य नाही. ज्या थोड्या संस्था पूर्वी पैसे घेत, त्यांनीही डिसेंबर २००१ पासून ते घेणे थांबवले. या सवलतीचा खरा उपयोग पैसे वाचवण्यात नाही, तर थोडेच पाहून बाहेर पडण्यात आहे. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल करण्यासाठी चार तास पाय ओढत राहतो आणि संध्याकाळी त्याला काहीच आठवत नाही. तू एका भेटीत एकच दालन पाहा, शक्य झाल्यास एकच चित्र पाहा. नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आइक याचे १४३४ सालचे आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र आहे. ते एक मीटरही उंच नाही. मागच्या भिंतीवर एक बहिर्गोल आरसा रंगवलेला आहे. त्याच्याजवळ नजर नेलीस तर त्या दोघांच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे दारात उभी असलेली आणखी दोन माणसे दिसतात, जी मूळ चित्रात कुठेच नाहीत. आरशाच्या चौकटीत दहा इवलीशी वर्तुळे आहेत आणि प्रत्येकात ख्रिस्ताच्या यातनांचा एकेक प्रसंग आहे. वरच्या पितळी झुंबरात भर दिवसा एकच मेणबत्ती जळते आहे. हे सगळे पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाही. वीस मिनिटे तिथे उभी राहा, आणि आठवड्याभराने पुन्हा जाऊन त्याच चित्रासमोर उभी राहा. ही दुसरी भेट पाहुण्याच्या नशिबी नसते.

शुक्रवारची संध्याकाळ यासाठी राखून ठेव, कारण त्या दिवशी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत आणि ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत उघडे असते, आणि दिवसाची गर्दी तोपर्यंत ओसरलेली असते. ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे जण इजिप्तच्या ममींकडे धावतात. तू मात्र अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट ठेवलेल्या काचबंद दालनात जा. कृष्णेच्या काठी घडलेले हे चुनखडीचे काम इतके सूक्ष्म आहे, की कमळांच्या पाकळ्या मोजता येतात. हे इथे कसे आले, हा प्रश्न तिथे उभे असताना मनात येईलच. तो दाबून टाकू नकोस. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहताना तो पुन्हा येईल. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि तिथल्या लुटीत हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला. कलाकृतीचे कौतुक आणि तिच्या प्रवासाचे दुःख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात, आणि माझ्या मते त्या तशाच राहिल्या पाहिजेत.

एक लहान संग्रहालय मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नकोस. लिंकन्स इन फील्ड्सच्या चौकात सर जॉन सोन या वास्तुविशारदाचे घर आहे. आपल्या मृत्यूनंतरही घर आणि संग्रह जसेच्या तसे राहावेत, म्हणून त्याने १८३३ मध्ये संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. तिथल्या चित्रांच्या खोलीत भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर फिरणारी लाकडी दारे आहेत. तिथला कर्मचारी ती उघडतो, तेव्हा हॉगार्थच्या चित्रांमागून आणखी चित्रे पुढे येतात. ती दारेही उघडली की भिंत संपते आणि खालच्या मजल्यावरचा पुतळ्यांनी भरलेला कोनाडा दिसतो. एवढ्याशा खोलीत शंभरावर चित्रे कशी मावली, हे तेव्हा कळते. तळघरात सेती पहिला या इजिप्तच्या राजाची शवपेटी आहे. हे घर आठवड्यातून काही दिवसच उघडे असते, तेव्हा वार पाहून जा.

त्याच परिसरात तुझा एक पूर्ण दिवस जाईल, आणि तो जावा अशी माझी इच्छा आहे. सोनच्या घरापासून काही पावलांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे आणि थोड्या अंतरावर ग्रेज इन ही बॅरिस्टरांची संस्था. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला आले, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळाली. ग्रेज इनची बाग कामाच्या दिवशी दुपारी थोडा वेळ सर्वांसाठी उघडी असते. शनिवार-रविवारी फिरणाऱ्या पर्यटकाला ती दिसतच नाही. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब चॉक फार्म स्थानकाजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. दिवसाची सुरुवात त्या घरापासून कर. तिथून प्रिमरोज हिल चढून जा, रीजेंट्स पार्क ओलांड आणि ब्लूम्सबरीतून ब्रिटिश म्युझियमपर्यंत ये. अंतर साधारण पाच किलोमीटर भरेल. बाबासाहेब नेमके कोणत्या वाटेने जात, हे शोधणे हा या चालण्याचा हेतू नाही. संग्रहालयाच्या मधोमध असलेला १८५७ सालचा गोल वाचनकक्ष, जिथे ते दिवसदिवस वाचत बसत, आणि त्यांची राहती खोली यांच्यामध्ये केवढे शहर पसरले आहे, ते तुझ्या पायांना कळावे, एवढ्यासाठी हे चालायचे. तूही वर्षभर खोली आणि ग्रंथालय यांच्यामध्येच फिरलीस, म्हणून ही वाट तुला इतर कोणाहीपेक्षा जवळची वाटेल.

पाय थकले नाहीत तर तिथून पूर्वेला क्लार्कनवेलमध्ये जा. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी तिथल्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, आणि आज त्या भागातल्या एका गल्लीला नौरोजी स्ट्रीट असे नाव आहे.

आता नदी. वर्षभर तू थेम्स पुलावरून ओलांडलीस. तिला भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने कधी पाहिले आहेस का? समुद्र इतका दूर असूनही लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत चढते-उतरते, आणि हे दिवसातून दोनदा घडते. पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी भरतीच्या वेळा जाहीर करते. त्या पाहून, ओहोटी पुरती होण्याच्या तासभर आधी दक्षिण काठावर जा. सकाळी जिथे पाणी भिंतीला टेकले होते, तिथे आता दगडगोट्यांचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो आणि त्यात मातीच्या चिलिमींचे पांढरे तुकडे, विटांचे गोल झालेले खडे आणि हाडे पडलेली दिसतात. वरून पाहा, हवे तितके पाहा. पण परवान्याशिवाय तिथे काही शोधायला किंवा उचलायला बंदी आहे, आणि पाणी परत येते ते फार वेगाने येते, तेव्हा एकटीने खाली उतरू नकोस. ग्रिनिचला जाशील तेव्हा येताना बोटीने किंवा रेल्वेने न येता नदीखालच्या बोगद्यातून चालत उत्तर काठावर ये. १९०२ मध्ये गोदीतल्या कामगारांसाठी बांधलेला हा बोगदा आजही रात्रंदिवस वापरात आहे. शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर दोन पाय ठेवून छायाचित्र काढण्यासाठी तिकीट आणि रांग दोन्ही लागतात. टेकडीवरून दिसणारे नदीचे वळण मात्र फुकट आहे आणि मला तरी तेच अधिक आवडते.

सप्टेंबर हा महिना तुला आपसूक लाभला आहे, त्याचाही फायदा घे. १९९२ पासून दरवर्षी या महिन्यात ओपन हाउस उत्सव भरतो आणि एरवी बंद असलेल्या शेकडो इमारती लोकांना मोफत पाहता येतात. काहींची नोंदणी आधी करावी लागते आणि ती झपाट्याने भरते, म्हणून यादी लगेच पाहा. रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स मैफली महिन्याच्या मध्यापर्यंत चालतात. तिथे वादकांच्या अगदी समोर उभे राहून ऐकण्याची तिकिटे त्याच दिवशी आणि अगदी स्वस्तात मिळतात. वेस्टमिन्स्टर ॲबी आतून पाहण्याचे तिकीट महाग आहे, पण बहुतेक संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे गायनासह प्रार्थना होते आणि तिला कोणीही विनामूल्य बसू शकते. ती उपासना आहे, हे मात्र लक्षात ठेव. फिरणे आणि छायाचित्रे काढणे तिथे शोभत नाही. महिन्याच्या शेवटी शेवटी रिचमंड पार्कमध्ये हरणांच्या झुंजींचा हंगाम सुरू होतो. पहाटे जा, पन्नास मीटरांच्या आत जाऊ नकोस, आणि परतताना किंग हेन्रीज माउंड या उंचवट्यावर थांब. तिथल्या दुर्बिणीतून, झाडीत मुद्दाम राखलेल्या फटीमधून, सोळा किलोमीटरांवरचा सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसतो. ते दृश्य झाकू नये म्हणून मध्ये उंच इमारती बांधण्यावर निर्बंध आहेत.

तुझ्या बसचे शेवटचे स्थानकही पाहून घे. वर्षभर त्या बसच्या कपाळावर वाचलेले नाव प्रत्यक्षात कसे आहे, हे अनेकांना कधीच कळत नाही. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसून एकदा शेवटपर्यंत जा.

दिवस कसे वाटायचे, तेही लिहिते. शेवटचे तीन दिवस पूर्ण मोकळे ठेव. खोलीची साफसफाई, घरमालकाची पाहणी, अनामत रक्कम परत मिळण्यासाठी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे आणि सामानाचे वजन यांतच ते जातात, आणि त्या दिवसांवर टाकलेली ठिकाणे हमखास राहतात. वर्गातल्या मैत्रिणी आता वेगवेगळ्या देशांत पांगतील, तर प्रत्येकीला एकेक जागा निवडू दे आणि तिथे तिच्यासोबत जा. तुझी निवड सर्वांवर लादू नकोस. निदान दोन दुपारी कसलाही बेत आखू नकोस.

लंडनबाहेर एकच दिवस घालव, आणि तो एडिंबरोऐवजी ब्रिस्टलला दे. पॅडिंग्टनहून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी त्या शहरात वारले. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष आर्नोस व्हेल दफनभूमीत हलवण्यात आले आणि त्यांवर छत्रीच्या घाटाचे स्मारक उभे राहिले. इंग्लंडच्या पावसात उभी असलेली ती दगडी छत्री तू पाहावीस, असे मला फार वाटते. तिकीट मात्र आजच काढ. आगाऊ काढलेले बरेच स्वस्त पडते, आणि पुण्यतिथीच्या दिवशीच जायचे असेल तर यंदा तो दिवस कोणत्या वारी येतो ते आधी पाहून घे.

तुझी शुभचिंतक