ताई, ती केटल बंद करा

(पत्र थोडक्यात) मी नाशिकला राहते, माहेर मालवण. माझ्या साठीनिमित्त लेकीने आम्हा दोघांना हनोईला नेलं. वाढदिवसाच्या रात्री तिने जुन्या शहरात 'चा का' नावाच्या माशाच्या जेवणासाठी टेबल राखून ठेवलं होतं. ह्यांना बाहेरचं सोसत नाही, म्हणून मी खोलीत केटलमध्ये पाणी उकळून उपम्याचं पाकीट भिजवत होते. त्यात पाऊण तास उशीर झाला. लेक चारचौघांत म्हणाली, "आई, मग तू आलीसच कशाला?" सासरी मासे चालत नाहीत, मीही लग्नानंतर सोडले. त्या रात्री चार घास खाल्ले, पण रडूच येत होतं. परत आल्यापासून तिच्याशी धड बोलले नाही. तिने माफी मागायला हवी ना?
– मालवणची माहेरवाशीण

ताई,

लेकीच्या त्या वाक्यावर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि केटलवर एक ओळ. माझं लक्ष त्या ओळीवरून हलेना. साठाव्या वाढदिवसाच्या संध्याकाळी, परक्या देशात, ठेवणीतली साडी नेसून तुम्ही उभ्याने उपमा भिजवत होतात. आणि हे तुम्हाला तक्रार म्हणून सुचलंही नाही. नुसतं उशिराचं कारण म्हणून सांगून मोकळ्या झालात.

'ह्यांना सोसत नाही' म्हणजे नेमकं काय सोसत नाही? भात? व्हिएतनाम भातावर जगणारा देश आहे. वाफाळता भात, लसणीवर परतलेली हिरवी पालेभाजी, टोमॅटोच्या रश्शातलं टोफू, हे तिथल्या साध्या खाणावळीतलं रोजचं जेवण. भाजीतही माशाचा सॉस पडतो, तो नको असेल तर 'कम चाय'च्या, म्हणजे निव्वळ शाकाहारी खाणावळी आहेत. तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. शाकाहारी माणूस तिथे कुणाला नवा नाही. यजमानांनी खाली उतरून विचारायचं होतं, एवढंच. तेही नको होतं तर पाणी उकळायला एक बटण दाबावं लागतं, ते त्यांना दाबता येतं. त्यांची बाजू मी मांडणार नाही. ती तुम्ही इतकी वर्षं मांडत आला आहात.

आता तुमच्या पानात काय होतं ते बघा. 'चा का' ही हनोईची खास ओळख. जुन्या शहरात एका रस्त्यालाच तिचं नाव आहे, आणि दोआन कुटुंबाचं तिथलं दुकान १८७१ पासूनचं म्हणून सांगतात. माशाचे तुकडे हळद आणि आल्याच्या जातीच्या कंदात मुरवतात, निखाऱ्यावर भाजतात, मग शेगडीसकट तवा तुमच्या टेबलावर येतो. त्यात मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात पडते. हळद आणि शेपू, ताई! ही तुमच्या हातातली जिन्नसं, फक्त माशाबरोबर कधी एकत्र न आलेली. सोबत भाजलेले शेंगदाणे आणि 'बुन', म्हणजे तांदळाच्या शेवया, तुमच्या मालवणातल्या शिरवाळ्यांच्या अगदी जवळच्या. शेजारी वाटीत 'माम तोम': आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी, वर लिंबू पिळून फेसाळेपर्यंत घोटलेली. तिच्या वासाने भलेभले मागे सरतात. जवळा सुकताना बघत वाढलेली मुलगी सरली नसती.

हनोईत खाण्याजोगं पाहिजे तेवढं आहे. फो म्हणजे शेवयांचं सूप आहे, बुन चा म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसासोबतच्या शेवया आहेत, अंडं घालून केलेली कॉफी आहे. लेकीला सोपं काहीतरी निवडता आलं असतं. तिने त्या सगळ्यातून मासा शोधला, तोही हळदीतला, कारण आईने काय सोडलंय हे तिला ठाऊक आहे. तुम्ही घरात कधी बोलला नसाल, तरी पोरी बघत असतात. पाऊण तास ती त्या टेबलापाशी एकटी बसली होती, आणि आई खोलीत काय करत असणार हेही तिला माहीत होतं. तिचं वाक्य कडू होतं आणि खरं होतं. त्याची माफी मागायला मी तिला सांगणार नाही.

आज रात्री तिला फोन लावा. उशिराबद्दल बोलू नका, बाबांबद्दल तर नकोच. एवढंच सांगा की मासा आवडला होता, पोटभर खायचा राहिला, आणि पुढच्या वाढदिवसाला आपण दोघीच परत जाऊ. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. बॅगेत खाण्याचं एकही पाकीट घ्यायचं नाही. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांसाठी फ्रिजमध्ये डबे भरून ठेवायचे नाहीत.