बी.ए. झाल्यावर प्लंबिंगमध्ये उतरावं का? माझं उत्तर, जरा लांबड आहे

भावा, तुझा प्रश्न वाचला. बी.ए. झालंय, भरतीचा नाद करून झाला, मामा कोल्हापुरात राजारामपुरीत प्लंबिंगची कामं घेतात, तर त्यांच्या हाताखाली जाऊ का आयटीआय करू, आणि दहा वर्षांनी पण पाना घेऊनच फिरायचं का, असं विचारलंयस. मी ह्या लाइनीत बरीच वर्षं आहे, आधी हजेरीवर होतो, आता स्वतःची कामं घेतो.

मामांकडं जाच. पण आयटीआय पण डोक्यात ठेव. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा असतोय, कळंबा रोडला सरकारी आयटीआय आहे तिथं जाऊन ॲडमिशनचं विचारून ये. हात काय तिथं बसत नाही, तो साइटवरच बसतोय, पण ड्रॉइंग वाचायला येतंय आणि कागद हातात पडतोय. नळ कनेक्शनच्या कामाला परवानाधारक प्लंबर लागतोय, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल एमआयडीसीत मेंटेनन्सला जायचं म्हटलं तर तिथं पण आधी सर्टिफिकेट विचारतात. नुसतं "मामांकडं शिकलोय" म्हणून तिथं कोण आत घेणार.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतंय प्लंबर म्हणजे पाइप जोडणारा. ते जीआयच्या, म्हणजे लोखंडी पाइपच्या काळात खरं होतं, डाय लावून आटे पाडायचे, सूत आणि सफेदा लावून पान्यानं आवळायचं, त्याला ताकद आणि सवय दोन्ही लागायची. सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप आल्यापासून जोडायला कुणीही चार दिवसांत शिकतंय, त्यामुळं नुसत्या जोडण्याला आता भाव नाही. भाव आहे तो भिंतीत गाडलेल्या कामाची हमी घेण्याला. गवंड्याची भिंत वाकडी असली तर दिसते, आपलं काम फरशीवाला आला की झाकलं जातंय, आणि बोंब उठते ती दोन वर्षांनी, खालच्या फ्लॅटच्या स्लॅबला ओल आल्यावर.

म्हणून पहिल्यापासून जॉइंटला घाई करू नकोस. पाइप काटकोनात काप, कापल्यावर आतबाहेर राहिलेला बर, म्हणजे खरबरीत कड, काढ, धूळ पूस, सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्राव, पाइपला बाहेरून आणि फिटिंगला आतून पातळ लाव, पाइप आत घालताना पाव फेरा फिरव आणि वीस-तीस सेकंद दाबून धर, नाहीतर तो हळूच मागं सरकतोय. जास्त सोल्युशन म्हणजे जास्त पक्कं असं काही नसतंय, उलट आत साठून ते पाइपच खातंय. आणि यूपीव्हीसी ह्या दुसऱ्या प्लास्टिक पाइपचं सोल्युशन सीपीव्हीसीला फासणारे महाभाग भेटतील, त्यांच्या नादाला लागू नकोस.

मग टेस्ट. पाइपसाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवायच्या आधी, सगळ्या पॉइंटला प्लग मारून, लाइनीतली हवा काढून, हातपंपानं प्रेशर चढवायचं, कामाच्या प्रेशरच्या दीडपट तरी, आणि गेजचा काटा बघत बसायचं. काटा उतरला की शोधायचं. मालक म्हणतोय "असू दे हो, फरशीवाला खोळंबलाय", तरी ऐकायचं नाही. आणि झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो, मापाची टेप लावून, मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे. पुढं कुणी गिझर लावायला ड्रिल मारलं आणि पाइप फुटला तर कुणाचं चुकलं ते तिथंच कळतंय.

खरा पैसा तर ओल शोधण्यात आहे आणि ते शिकायला फार कमी पोरं तयार असतात. वर कोण आंघोळ करो न करो, ओल कायम आहे, आणि टाकीचा कॉक बंद ठेवला की हळूहळू वाळते, म्हणजे प्रेशरची लाइन. आंघोळीनंतरच वाढते, म्हणजे नाहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा), ड्रेनेज नाहीतर फरशीचे सांधे. मग ट्रॅपचं तोंड बुजवून बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवायचं, तरी खाली ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, ते आपलं कामच नव्हे. हे सांगायला आलं की अख्खं बाथरूम फोडावं लागत नाही, आणि ज्याची फरशी वाचली तो दहा जणांना नंबर देतोय.

पाणी तापवायचं सोलर पण शिकून घे, आपल्याकडं गच्चीवर बघशील तिथं सोलर आहे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते आणि एअर व्हेंट, म्हणजे हवा जायचा पाइप, त्या गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्यावा लागतोय, नाहीतर व्हेंटमधनंच पाणी वाहत बसतंय. वरच्या मजल्याला शॉवरला धार नाही ही तक्रार कायमची, त्याचं पण गणित साधं आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतंय, मग टाकीच्या खाली दीड मीटरवर शॉवर असला तर नळ कितीही भारीतला लावा, धार कुठनं येणार. आणि 2019 चा, 2021 चा पूर आठव, सखल भागात चेंबरचं पाणी उलटं संडासातनं वर आलं होतं. नदीकडच्या बाजूचं घर असलं तर ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा, बसवायचं मालकाला आधीच सांगायचं.

पैशाचं म्हणशील तर पहिली दोन वर्षं हजेरीच. उक्तं काम एवढ्यात अंगावर घेऊ नकोस, बिल्डरकडं पैसे अडकले की हेल्परची हजेरी आपल्याच खिशातनं जाते. सुरुवात दुरुस्तीच्या कामांनी कर, रोखीचा मामला. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून टाक, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतोय. विश्वकर्मा योजनेचं पोरं विचारतात, तिच्या 18 व्यवसायांत गवंडी आहे, प्लंबर नाही, त्यामुळं एजंटला पैसे देऊ नकोस.

हत्यारं एकदम घेऊ नकोस. पाइप कटर, दोन पाने, टेप, लेव्हल एवढं लक्ष्मीपुरीत बघून घे, टेस्ट पंप सध्या मामांचाच वापर. मामांकडं तो नसलाच तर आधी तोच घ्यायला लाव त्यांना.