एका कागदावर सही राहिली म्हणून कस्टम ड्यूटीचा परतावा नाकारता येतो का?

प्रश्न: आमचं नाशिकला अंबडमध्ये छोटं युनिट आहे. आयात केलेल्या सुट्या भागांवर वर्गीकरण चुकल्यामुळे जास्त कस्टम ड्यूटी भरली गेली. परताव्याचा अर्ज एका जोडपत्रावर सही नाही म्हणून परत आला. एवढ्याशा कारणावरून परतावा नाकारता येतो का? नक्की कोणते कागद लागतात?

उत्तर:

येतो. माझा नाकारलाय. एरवी मी इथं नुसता वाचतो, पण तुमचा प्रश्न बघून हात थांबेना.

पहिलं म्हणजे अर्ज 'परत आला' की 'नाकारला', ते पत्र नीट वाचून बघा. अर्ज अपुरा असेल तर त्रुटी लिहून दहा कामाच्या दिवसांत परत करायचा, असा कस्टम परताव्याच्या अर्जाबद्दलच्या १९९५ च्या नियमावलीतला नियम आहे. ते परत येणं म्हणजे नकार नव्हे. सही करा, पुन्हा द्या, पोच घ्या. नाकारला असेल तर तसा आदेश असतो, त्याला क्रमांक असतो, आणि तो हातात पडल्यापासून साठ दिवसांत अपील करावं लागतं. तुमच्या लिहिण्यावरून पहिला प्रकार वाटतो. तसं असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

आमचं बिघडलं होतं.

आमचा धंदा प्लास्टिकच्या दाण्याचा. फर्म दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. मी हिशेब, बँक आणि सरकारी कागद बघायचो. न्हावाशेव्याला कंटेनर उतरायचा, कसारा घाट चढून अंबडच्या गोडाऊनला यायचा, आणि तिथून पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्या अंबड-सातपूरच्या मोल्डिंगवाल्यांकडे जायच्या. तेव्हा जीएसटी नव्हता. आयातीवर बाकीच्या ड्यूट्यांच्या वर आणखी चार टक्के लागायचे, त्याला सगळे 'सॅड' म्हणायचे. इथल्या मालावर विक्रीकर लागतो, तर बाहेरच्या मालावरही तेवढा भार पडावा म्हणून ती ड्यूटी. मग तोच माल इथं विकून तुम्ही व्हॅट भरलात तर भार दोनदा झाला. म्हणून १४ सप्टेंबर २००७ च्या १०२ नंबरच्या अधिसूचनेनं ते चार टक्के परत मागायची सोय केली.

त्यात एक अट होती. प्रत्येक विक्रीबिलावर लिहायचं की या मालावरच्या त्या ड्यूटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून तेवढी वजावट, कुणाला मिळणार नाही. अट शहाणपणाची होती, मी आजही म्हणतो. गिऱ्हाईक क्रेडिट घेणार आणि आम्ही परतावा घेणार, म्हणजे सरकारनं एकाच ड्यूटीचे पैसे दोनदा सोडायचे.

रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून मी शिक्का करून घेतला. तीन ओळींचा, जांभळी शाई. बिलं डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींत निघायची, मध्ये कार्बन. पहिले दोन महिने मी शिक्का फक्त वरच्या प्रतीवर मारला. वरची प्रत गिऱ्हाइकाकडे जाते आणि शिक्का काही कार्बनमधून खाली उतरत नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. पुढे आमच्या सीएचएनं, म्हणजे कस्टमची कामं करणाऱ्या एजंटनं, फाईल बघितली आणि डोक्याला हात लावला. तेव्हापासून तिन्ही प्रतींवर मारायला लागलो, पण आधीच्या ६१ बिलांच्या आमच्या प्रती कोऱ्याच राहिल्या.

२०११ मध्ये चार कंटेनरचा मिळून ३,७१,४६० रुपयांचा दावा टाकला. २१४ बिलं, सीएचं सर्टिफिकेट, कुठल्या बिल ऑफ एंट्रीतला (आयात मालाचा कस्टमला दिलेला नोंदीचा कागद) माल कुठल्या बिलानं विकला त्याचा तक्ता, व्हॅटची चलनं. पत्र आलं की ६१ बिलांवर शिक्का नाही.

मी यादी केली. एकोणीस गिऱ्हाईकं. स्कूटर काढली आणि आठवडाभर एकेकाच्या दारात उभा राहिलो. कुणी चहा पाजला, कुणी 'उद्या या' म्हणून चार दिवस फिरवलं. सातपूरला एकानं कॉम्प्रेसरच्या मागून बॉक्स फाईल ओढून काढली, वर बोटभर धूळ, आत माझी बिलं एकाखाली एक ओळीनं लावलेली. त्याला तिथंच नमस्कार घातला. ६१ पैकी ४७ बिलांच्या मूळ प्रती सापडल्या, झेरॉक्स काढल्या.

आणि इथं घोटाळा. जांभळा शिक्का काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर राखाडी डाग होऊन उमटतो. तिकडून उत्तर आलं, मजकूर वाचता येत नाही, मूळ प्रती दाखवा. मूळ प्रत गिऱ्हाईक का देईल? त्याला त्याच प्रतीवर व्हॅटची वजावट मिळायची. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती.

सुनावणीला पहाटे चारला नाशिकहून निघून न्हावाशेव्याला पोचलो. अधिकारी सभ्य होते, हे मुद्दाम लिहितो. मी म्हणालो, साहेब, आमच्या बिलावर ड्यूटीचा आकडाच वेगळा दाखवलेला नाही, आम्ही एक्साइजला नोंदलेले डीलर नाही. मग शिक्का असो नसो, या बिलावर कोण क्रेडिट घेणार? ते म्हणाले, तुमचं म्हणणं समजतं, पण अधिसूचनेत 'शॅल' (shall) लिहिलंय, म्हणजे केलंच पाहिजे. बाकीची रक्कम मंजूर झाली, ६१ बिलांचे १,०४,२२० रुपये गेले.

मी अपिलाचे मुद्दे दोन पानांत लिहून दाजींपुढे ठेवले. दाजींनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवले आणि म्हणाले, "चार टक्क्यांसाठी वकील लावू? शिक्का तू मारला नाहीस, सरकारची काय चूक?" साठ दिवस त्या काचेखाली गेले. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीला, नवा जावई आला की त्याला ओळख करून देताना, "हा आमचा मेहुणा, याचा शिक्का लाखाचा आहे."

२०१४ मध्ये कॅनडा कॉर्नरला एका सीएच्या ऑफिसात बसलो असताना कस्टम-एक्साइजची अपिलं ऐकणाऱ्या लवादाच्या मोठ्या पीठाचा निकाल हाती आला. चौगुले कंपनीचं प्रकरण, मुंबईचं. त्यात म्हटलं होतं की बिलात ड्यूटी वेगळी दाखवलेली नसेल तर त्यावर क्रेडिट घेताच येत नाही, त्यामुळे ती ओळ नसली म्हणून परतावा अडवू नये. माझी दोन पानं! झेरॉक्स घेऊन तसाच दाजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "बरं. आता याचं काय करायचं?" करायचं काहीच नव्हतं. मुदत कधीच गेली होती.

आता माझा मुद्दा. कागदातली चूक मोजायची तर तो कागद काय सिद्ध करायला मागितलाय ते बघून मोजावी. हे मला सांगितलं दाजींच्याच मुलानं. भाचा मर्चंट नेव्हीत आहे. अमेरिकेतल्या एका बंदरात त्यांचं जहाज धक्क्याला जोरात घासलं, बरंच नुकसान झालं. तिथं असा मोठा अपघात झाला की संबंधितांची दारूची तपासणी दोन तासांच्या आत आणि अमली पदार्थांसाठी लघवीचा नमुना ३२ तासांच्या आत, असा त्यांच्या कोस्ट गार्डचा नियम. दिलेल्या नमुन्याचं तापमान चार मिनिटांत बघायचं, ३२ ते ३८ अंश असायला हवं. मग नमुना दोन बाटल्यांत, एकीत ३०, दुसरीत १५ मिलिलिटर, दोन्हींना सील, आणि सीलवर देणाऱ्याची आद्याक्षरं. बरोबर पाच भागांचा फॉर्म, बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली त्याचा.

नमुना घेणारा माणूस त्या फॉर्मवर सही करायलाच विसरला. भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्या शिक्क्यासारखंच झालं बघा इकडे." म्हटलं, मग? तर म्हणाला, काही नाही, त्यानं लेखी खुलासा पाठवला, संपलं.

तिकडच्या नियमात चुकांच्या दोन जाती आहेत. बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळत नाही, तर चाचणी रद्द. सील फुटलंय आणि दुसरी बाटलीही वापरता येत नाही, रद्द. घेणाऱ्याचं नावही नाही आणि सहीही नाही, रद्द. कारण मग तो नमुना कुणाचा हेच सांगता येत नाही. पण नाव छापलेलं आहे आणि फक्त सही राहिली, तर लेखी खुलाशानं दुरुस्त होते. माणसाची नोकरी जाऊ शकते अशा कागदाला ही सवलत आहे आणि माझ्या प्लास्टिकच्या दाण्याला नव्हती! त्याच फॉर्मवर, भाचा म्हणतो, हा भरायला देणाऱ्याला पाच मिनिटं आणि घेणाऱ्याला चार मिनिटं लागतात असं छापलेलंही असतं. तिकडे कायदाच आहे, लोकांकडून माहिती मागवायची तर किती वेळ जाईल त्याचा अंदाज आधी द्यायचा. माझ्या आठ दिवस स्कूटरचा अंदाज कुणी छापला असता तर बरं झालं असतं.

भाच्यानं हे जेवताना दाजींच्या समोर सांगितलं. दाजींनी आमटी मागितली.

आता तुमचं. सही कुठली राहिली ते बघा. मूळ अर्जातल्या प्रतिज्ञेखालची असेल तर अर्जच झाला नाही, तिथं वाद घालू नका. एखाद्या तक्त्यावरची असेल तर सही करून, बरोबर एक ओळीचं पत्र लावून द्या. घाई एवढ्याचसाठी की कस्टम कायद्याच्या कलम २७ खाली ड्यूटी भरल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. शिवाय तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर व्याज लागतं, पण ते तीन महिने पूर्ण अर्जाची पोच मिळाल्यापासून मोजतात. पोच नाही तर व्याजही नाही.

पण सहीपेक्षा मोठा खड्डा तुमच्या पुढे आहे आणि प्रश्नात त्याचा पत्ताच नाही. वर्गीकरण, म्हणजे माल ड्यूटीच्या कुठल्या गटात बसतो ते, चुकलं म्हणताय, म्हणजे बिल ऑफ एंट्रीवर ते तुम्हीच लिहिलंत. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सांगितलंय की स्वतः केलेली ड्यूटीची आकारणी हीही आकारणीच, आणि ती बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. म्हणून आधी ती बदला. अपील करून, किंवा कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागून. दुरुस्तीचा रस्ता चालतो असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलंय. २०२५ च्या वित्त कायद्यानं कलम १८अ आणलंय, माल सुटल्यावर आपणहून नोंद सुधारायची सोय, तेही सीएचएला विचारा. आकारणी तशीच ठेवून नुसत्या सह्या करत बसलात तर सगळं वाया.

दुसरं, ड्यूटीचा भार तुम्ही गिऱ्हाइकावर टाकलात असंच कायदा गृहीत धरतो. नाही टाकला हे तुम्ही दाखवायचं. १९९६ च्या डिसेंबरात नऊ न्यायमूर्तींनी मफतलालच्या प्रकरणात हे पक्कं केलंय. भाग स्वतःच्या यंत्रात वापरले म्हणून सुटका नाही, कारण तुम्ही काय बनवून काय भावानं विकता तेही बघतात. नाही दाखवता आलं तर परतावा मंजूर होऊनही पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात, तुमच्या खात्यात नाही. म्हणून सीएचं सर्टिफिकेट लागतंच, पण त्याआधी लेजर बघा. ती रक्कम खर्चात टाकली असेल तर सीए काय कपाळ लिहिणार? ती 'कस्टमकडून येणे' म्हणून ताळेबंदात दिसायला हवी. आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढा भाग मागूच नका.

बाकी कागद तुम्हाला माहीत असतीलच: बिल ऑफ एंट्री, ड्यूटी भरल्याचं चलन, परदेशी विक्रेत्याचं इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेचा तपशील, आणि आकारणी बदलल्याचा आदेश. तो आदेश सगळ्यांत वर लावा. झेरॉक्स रंगीत काढा.

हेही सांगून ठेवतो, मी वकील नाही, सीएही नाही. सॅड १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बहुतेक मालावरची गेली, त्यामुळे माझा शिक्क्याचा निकाल तुमच्या थेट कामाचा नाही. आणि खरं सांगायचं तर, शिक्का तिन्ही प्रतींवर मारायचा राहिला ही चूक माझीच होती. पण अपील न करण्याची चूक माझी नव्हती, आणि पाचपन्नास हजार खर्चून लाख परत आले असते हा हिशेब मी तेव्हाही मांडला होता, त्याच दोन पानांच्या पाठीमागे, पेन्सिलीनं.

तेव्हा नकाराचा आदेश आला तर तो टेबलाच्या काचेखाली ठेवू नका. पाकीट फाडून टाकू नका, साठ दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजायचेत. ड्यूटी भरल्याची तारीख आणि त्रुटीच्या पत्राची तारीख खाली लिहा, वर्ष कधी संपतं ते मोजून सांगतो.